फाइल आली, मराठी मागेच राहिली

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या मशीनवरचा डेटा नव्यावर टाकणं हे आमचं रोजचंच काम. तरी पाटणकडच्या एका निवृत्त गुरुजींचा तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

गुरुजी आले ते नवा लॅपटॉप आणि एक पेनड्राइव्ह घेऊन. "नातवानं सगळं भरून दिलंय. यात उघडत नाही, तेवढं बघ." पेनड्राइव्ह लावला. आत बारा फाइली, एकेक जेमतेम दीड-दोन केबीची. सगळे शॉर्टकट! दाराची पाटी काढून आणली होती, घर तिथंच होतं.

"गुरुजी, जुना सीपीयू कुठाय?"

"ओट्यावर. उद्या भंगारवाला येतोय."

माझ्या पोटात गोळा आला. दुकानातल्या पोराला तसाच गाडीवर पिटाळला.

मशीन विंडोज एक्सपीचं, ८० जीबीची जुनी आयडीई, म्हणजे जुन्या धर्तीच्या जोडणीची डिस्क. चालू करताच आतून टक्, टक् असा आवाज. हा आवाज आला की मी विंडोज सुरू होण्याची वाटसुद्धा बघत नाही, कारण विंडोज स्वतःच डिस्कवर सतत लिहीत असतं आणि तेवढ्यानंही ती कायमची बंद पडू शकते. लगेच बंद केलं, डिस्क बाहेर काढली, जोडणीच्या केबलनं माझ्या मशीनला जोडली आणि आधी माय डॉक्युमेंट्स उचललं. त्यात गुरुजींची अकरा वर्षं होती: त्यांच्या खोऱ्यातल्या शेतीतले चार हजारांवर शब्द, म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसून टिपलेले.

फाइल लॅपटॉपवर उघडली आणि समोर नुसती इंग्रजी अक्षरं, कुणाच्या डोक्यावर टोपी, मध्येच पौंडाचं चिन्ह. मराठीचा एक कानासुद्धा नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "गेलं का रे सगळं?"

गेलं नव्हतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, सर्रास वापरात येण्याआधी मराठी अशीच लिहिली जायची. फाइलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांच्या जागी 'क', 'ख' काढून दाखवायचा. फाँट नसेल तर मराठीही नाही. आणि फाँट माय डॉक्युमेंट्समध्ये नसतो, तो विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये असतो. पुन्हा त्याच डिस्ककडे जावं लागलं. दोनदा ती मध्येच अडकली. थोडी थंड होऊ दिली, तिसऱ्या खेपेला फाँट निघाला. तो बसवून फाइल उघडली तर पहिलीच ओळ: 'शिवळ – जुवाच्या भोकात घालायची खुंटी.' गुरुजींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मला काही बोलवेना.

वाचायची सोय झाली, लिहायचं कसं? गुरुजींच्या टायपिंगच्या प्रोग्रॅमला प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात लावायचं कुलूप होतं, ते लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालायचाच नाही. लॅपटॉपला ते पोर्टच नाही, आणि प्रोग्रॅमची सीडी घर बदलताना हरवलेली. नुसतं फोल्डर उचलून चालत नाही, इन्स्टॉल करताना प्रोग्रॅमनं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, आणि सिस्टीमच्या फोल्डरांत केलेल्या नोंदी मागेच राहतात.

मी म्हटलं, "आता सगळं युनिकोडमध्ये आणू या. मग फाँट कुठलाही असो, अक्षर मोडणार नाही."

जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टर प्रोग्रॅममधून काढलं. पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफारचं उलटं: तिथं तो अक्षरानंतर यायचा, इथं आधी. माझ्या कन्व्हर्टरनं ही अदलाबदल बऱ्याच ठिकाणी चुकवली. 'शिवळ'ची वेलांटी 'श' सोडून भलतीकडेच बसली. 'पाभर', 'चाडं' मात्र नीट आले, त्यांत वेलांटीही नाही आणि रफारही नाही.

शब्दकोशात नसलेला शब्द बरोबर की चूक, हे मशीन काय सांगणार? मी जुन्या फाँटमधल्या फाइलची प्रिंट काढून दिली. गुरुजी तीन आठवडे रोज दुपारी दुकानात येऊन बसत, एका हातात प्रिंट, समोर स्क्रीन. टाइपरायटरवर बसलेला त्यांचा हात मोडू नये म्हणून युनिकोडमध्येही तसाच कळफलक लावून दिला.

शेवटच्या दिवशी त्यांनी एक नवा शब्द टाइप केला, त्याच सकाळी शेजारच्या आजीबाईंकडून मिळालेला. मग फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घेतल्या. जुनी डिस्क त्यांनी भंगारात दिली नाही. नाव लिहून ती माझ्या कपाटात ठेवली आहे.