अंकोर आपणच बांधलं ना? तुम्ही विचारलंत म्हणून

कंबोडियाच्या सहली नेतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ती देवळं आपल्याच लोकांनी बांधली ना?" लग्नात, लिफ्टमध्ये, सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. 'नाही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि माझ्या देशप्रेमाची चौकशी सुरू होते. एकदाचं लिहूनच टाकतो.

बांधलं ख्मेर लोकांनी. त्यातलं सगळ्यात मोठं, अंकोर वाट, बाराव्या शतकात, त्यांचा राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या काळात. विष्णू आपल्याकडून गेला, संस्कृत गेलं, हे कोण नाकारतंय? तमिळ राजा राजेंद्र चोळाचं नाव पुढे करणाऱ्यांसाठी: १०२५ची त्याची स्वारी सुमात्राकडच्या श्रीविजय राज्यावर होती, अंकोरवर नव्हे. अंकोरच्या शिलालेखांत देवाची आणि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत, आणि देवळाला कुठलं शेत दिलं, सेवेला कोण माणसं, हा हिशेब ख्मेरमध्ये.

आणि राजधानीचं पोट कशावर चालायचं? तोन्ले साप या तळ्यावर आणि त्याच नावाच्या नदीवर. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तिला मिळणारी ही नदी उलटी वाहू लागते. वरचं तळं चार-पाच पट पसरतं, झाडं बुडतात आणि त्या बुडालेल्या रानात मासे पोसतात. नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह पुन्हा फिरतो. हे मासे आणि भात नसता, तर कुलेन डोंगरातला दगड वाहून आणणारे हात जेवले काय असते? आमच्या सहलीत मात्र या तळ्याला जेमतेम अर्धा दिवस, तोही नाकाला रुमाल लावून.

पण एवढ्यानं मी चिडलो नसतो.

एका वर्षी ग्रुपमधले एक काका, एरवी लाख माणूस, समुद्रमंथनाच्या भिंतीपुढे उभे राहिले. अंकोर वाटमधला ४९ मीटरचा तो कोरीव पट. वासुकीला ओढणारे देव-दानव, मध्ये विष्णू, खाली घुसळणीत सापडून चिरफाळलेले मासे. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्थानिक गाइडच्या खांद्यावर हात ठेवून ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हे सगळं आम्ही तुम्हाला दिलं." गाइड हसला. "येस सर, इंडिया, येस." टाळ्या पडल्या.

संध्याकाळी त्याला टिप देताना मी सारवासारव करायला गेलो. काका जरा भावुक झाले, मनावर घेऊ नका वगैरे. तो नोटा मोजत होता. म्हणाला, "फ्रेंच पाहुणे सांगतात, जंगलातून आम्ही शोधून काढलं. तुम्ही सांगता, आम्ही बांधलं. मी दोघांनाही येस म्हणतो." त्याचे वडील १९७५ ते १९७९च्या, ख्मेर रूज राजवटीच्या कत्तलींच्या काळात गेले, हे मला ठाऊक होतं. त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. उद्या पाचला निघायचं ना, एवढंच विचारलं.

पूर्वी बसमध्ये माइक हातात घेऊन 'आपल्या पूर्वजांची भूमी' म्हणणारा मीच. तो जुना मी अजून भांडतो: लोकांना चार घटका अभिमान वाटला तर तुझं काय गेलं? माझ्याकडे धड उत्तर नाही. त्या भिंतीपुढे माझाही ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू? १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्यानं तिथे जतनाचं काम केलं, तेही कौतुकानं सांगतो. बांधल्याचं श्रेय मात्र आता घेववत नाही, आणि काकांना तोंडावर टोकायचंही धाडस होत नाही.

पुढच्या सहलीत तळ्याला पूर्ण दिवस ठेवलाय. मासळीचा वास येणारच. चालणार नसेल त्यांनी आत्ताच कळवा.