रायझनचा वेग वाढवताना रॅम कोणती घ्यावी
एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचे, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचे ठरले, तेव्हा परवडेल तेवढी वेगवान रॅम घ्यावी असेच मला वाटत होते. परंतु या प्रोसेसरमध्ये रॅम आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग जोडणारा दुवा) १:१ प्रमाणात, एकाच क्लॉकवर चालणे अधिक महत्त्वाचे असते. डीडीआर४-३६०० रॅमचा प्रत्यक्ष क्लॉक नावातल्या आकड्याच्या निम्मा, १८०० मेगाहर्ट्झ असतो आणि तेवढा वेग फॅब्रिक सहसा पेलते. ४००० च्या रॅमसाठी मात्र त्याला २००० गाठावे लागतात. ते न जमल्यास रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगावर उतरतो आणि जास्त पैसे मोजूनही विलंब वाढतो.

खोक्यावरचा सीएल (कॅस लेटन्सी, म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅमला लागणारी क्लॉकची आवर्तने) हा आकडाही वाचावाच, कारण ३६०० सीएल१८ आणि ३२०० सीएल१६ या दोन्हींचा कॅस विलंब सारखाच, १० नॅनोसेकंद भरतो, तर ३६०० सीएल१६ चा तो सुमारे ८.९ होतो.

मी शेवटी ३६०० सीएल१६ च्याच ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. प्रोसेसर मूळ वेगावरच ठेवून आधी एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी तयार सेटिंग) चालू केले, रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला आणि सकाळी एकही चूक न दिसल्यावरच प्रोसेसरला हात लावला. रॅम आणि प्रोसेसर दोन्हींचे वेग एकदम बदलले, तर विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा नेमका कोणामुळे आला, ते कळत नाही.