थैली मोजताना पाळकाने बाहेर थांबावं

उपासना संपून शेवटचा आशीर्वाद होतो, लोक अंगणात एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ म्हणू लागतात, आणि आत दानाची थैली टेबलावर रिकामी होते. पुढची पंधरा मिनिटं पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, त्या खोलीत नसावं, असं माझं ठाम मत आहे.

मोजायला दोन माणसं हवीत, आणि तीही एकाच घरातली नकोत. दोघं दर महिन्याला बदलावीत. आधी पाकिटं घ्यायची. पाकिटावर लिहिलेला आकडा आतल्या रकमेशी ताडून बघायचा आणि मगच नोटा ढिगात टाकायच्या. एकदा मिसळल्या की फरक कुणाच्या पाकिटातला, ते कधीच सापडत नाही. मग 500, 200, 100, 50 असे गठ्ठे, चिल्लर वेगळी. एकाने मोजलेलं दुसऱ्याने आकडा न विचारता पुन्हा मोजायचं. बेरीज अंकी आणि अक्षरी, पेनाने लिहायची आणि खाली दोघांच्या सह्या. पाळकाची सही नको. चिठ्ठीची एक प्रत कोषाध्यक्षाकडे, एक फायलीला.

गडबड होते ती थैलीतूनच खर्च भागवल्याने. पाहुण्या वक्त्याचं रिक्षाभाडं, चहाचं दूध, झाडलोट करणाऱ्या बाईंचे पैसे. खर्च सगळे खरेच असतात, पण चिठ्ठीवर एक आकडा आणि पासबुकात दुसरा, आणि सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही. थैलीतला रुपयान् रुपया सोमवारी बँकेत जावा. खर्च व्हाउचर करूनच व्हावा. ‘उद्या टाकतो’ म्हणून उचललेल्या शंभराच्या नोटेने कितीतरी चांगल्या सेवकांचं नाव गेलं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मनात चोरी नव्हती.

हल्ली भिंतीवर क्यूआर कोड लावतात. तो मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खात्याचा असावा. पाळकाच्या मोबाइल नंबरचा असेल तर घरचं औषधपाणी आणि देवाचं दान एकाच स्टेटमेंटमध्ये येतं. पाळक कितीही प्रामाणिक असला तरी दाखवणार काय? परदेशातून येणाऱ्या पैशाची गोष्ट आणखी कडक आहे. 2010 च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर सेवेसाठीची देणगी घ्यायचीच नाही. असेल तर देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी.

यात पाळकावर अविश्वास आहे असं कुणाला वाटत असेल, तर बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय उघडून बघावा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी प्रेषित पौल एकट्याने नेत नाही. आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी नेमलेला भाऊ पाठवतो, आणि कारणही सांगतो: कुणाला दोष ठेवायला जागा नको, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही.

मंडळीचीही एक जबाबदारी आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. तरुण सुवार्तिक (ख्रिस्ताचा संदेश सांगणारे) त्यांचं उदाहरण देतात तेव्हा मला काळजी वाटते. टिळकांनी पगार स्वतःहून सोडला. मंडळीने पाळकाचं मानधन तीन महिने थकवणं हा त्याग नव्हे, तो अन्याय आहे. महिन्याच्या 5 तारखेच्या आत मानधन हातात पडलं पाहिजे. शाळेची फी भरायची आहे आणि समोर थैली आहे, अशा जागी कुणालाही उभं करू नये.

पाळकाच्या नम्रतेचं माप घरभेटींच्या वहीत सापडतं. वहीत सगळ्या घरांची नावं लिहावीत आणि भेट झाली की पुढे तारीख टाकावी. तीन महिन्यांनी वही उघडली की दिसतं: जिथे चांगल्या कपबशीत चहा येतो, तिथे चार-चार तारखा आहेत; वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी आजी, दारू पिणाऱ्याचं घर, मागच्या सभेत भांडलेला भाऊ, यांच्यापुढे कोरं. ही रिकामी घरं पुढच्या महिन्यात आधी घ्यावीत. भेटीत कुणी पाकीट हातात दिलं तर घ्यायचं नाही. रविवारी थैलीत टाका म्हणावं.

महिन्यातून एक रविवार दुसऱ्याने संदेश द्यावा आणि पाळकाने पुढच्या खुर्चीत न बसता मंडळीत बसावं. नंतर त्या माणसाचं व्याकरण सुधारू नये. सभेच्या फ्लेक्सवर पाळकाचा फोटो मोठा आणि बायबलचं वचन बारीक अक्षरात, हे तर आजच थांबवता येईल.

सगळ्यात अवघड जातं ते बदलीच्या वेळी. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरं, किल्ल्या, बँकेची कागदपत्रं यांची यादी करून मंडळीच्या वडीलजनांसमोर नव्या पाळकाच्या हवाली करावी आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. बँकेत सही बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. मग जुन्या मंडळीतून फोन येतोच: पाळकसाहेब, लेकीचं लग्न तुमच्याच हातून व्हायला हवं. मन भरून येतं. तरी उत्तर एकच: आधी तिथल्या पाळकांना विचारा, त्यांनी बोलावलं तर येईन, आणि मागच्या बाकावर बसेन.