तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या विंडोजवर नवा अँटिव्हायरस

लोकांचे कॉम्प्युटर बघून देतो, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो: "विंडोज सेव्हन आहे, मशीन छान चालतंय. नुसता अँटिव्हायरस नवा टाकला तर भागेल ना?"

टाका, जरूर टाका. कंपन्या आपल्या जुन्या आवृत्त्यांना कधी ना कधी डेफिनिशन्स, म्हणजे नवे व्हायरस ओळखायच्या खुणा, पुरवणं बंद करतात, आणि मग तो अँटिव्हायरस असून नसल्यासारखा. पण त्याने सगळं भागणार नाही. फाइल तपासणं, प्रोग्रॅमच्या वागण्यावर नजर ठेवणं, हे त्याचं काम. खुद्द विंडोजमध्ये भोक असेल तर ते बुजवायला मायक्रोसॉफ्टचा पॅचच लागतो, आणि विंडोज सेव्हनचे मोफत पॅच १४ जानेवारी २०२० ला थांबले.

मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा, फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर). कुणी फाइल उघडली नाही, लिंक दाबली नाही, तरी विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीतून तो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पसरत गेला. त्या त्रुटीचा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. सेव्हनच्याही आधीच्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ सालीच संपला होता, तरी तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद करून एक्सपीसाठीही पॅच दिला. पुढच्या वेळी असा अपवाद होईल या भरवशावर मी कुणाला राहू देत नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं. सर्वात आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग घ्यायच्या आवृत्तीला तुमचं विंडोज चालतं का, हे कंपनीच्या यादीत पाहा. हे न बघता पैसे भरणारे फार भेटतात.

खरी अडचण बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना येते. सेटअप अर्ध्यावर थांबतो, किंवा डिजिटल सही (फाइल खरंच त्या कंपनीची आहे याची खूण) पटत नाही असा मेसेज येतो, आणि लोक फाइल खराब आहे समजून पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसतात. फाइल चांगलीच असते. आजच्या सॉफ्टवेअरवर एसएचए-२ पद्धतीची सही असते आणि ती विंडोज सेव्हनला मुळात नीट ओळखता येत नव्हती. त्यासाठी सर्व्हिस पॅक १ आणि त्यावर २०१९ मधले केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ हे दोन अपडेट्स लागतात. ६४ बिट विंडोज सही न पटलेला ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा भाग) लोडच करत नाही, आणि ड्रायव्हरशिवाय अँटिव्हायरस पांगळा. कोपऱ्यातलं घड्याळही बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग सहीमागची चांगली सर्टिफिकेट्सही अवैध ठरतात.

जुना अँटिव्हायरस काढल्याशिवाय नवा टाकू नका. दोघंही एकच फाइल एकाच वेळी अडवून तपासू लागले की मशीन रखडतं, प्रसंगी निळा स्क्रीन येतो. नव्याचा पूर्ण सेटअप आधी उतरवून ठेवा, नेट बंद करा, कंट्रोल पॅनेलमधून जुना काढा आणि रीस्टार्ट करा. एवढ्यानेही त्याचे नेटवर्क फिल्टर (नेटची ये-जा तपासणारे भाग) मागे राहू शकतात; अँटिव्हायरस बदलल्यापासून नेट चालत नाही, या तक्रारीत मी पहिल्यांदा तेच तपासतो. त्यासाठी बऱ्याच कंपन्या वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते चालवून पुन्हा रीस्टार्ट, मग नवा टाका, नेट जोडा, डेफिनिशन्स अपडेट करा आणि फुल स्कॅन लावा. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला वेळ लागतो, लागू द्या.

इतकं केल्यावरही ब्राउझरचा प्रश्न उरतोच. क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला, १०९ व्या आवृत्तीनंतर, विंडोज सेव्हनला सोडलं, आणि बाहेरचं जग पहिल्यांदा ब्राउझरमधूनच आत येतं. म्हणून अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती जुन्या मशीनमध्ये सहसा नसते; विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कामं ब्राउझरमध्येच होत असतील तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा, तेच मशीन आणखी काही वर्षं निर्धास्त वापरता येईल. एखाद्या जुन्या प्रिंटरसाठी किंवा हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठी सेव्हनच हवं असेल, तर त्याचं नेट काढून टाका. आणि बॅकअपची डिस्क कॉपी झाल्याबरोबर सोडवून ठेवा, कारण रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही लॉक करतं.