सर गेल्यानंतरची कामं

सोमवार, रात्री

कॉलेजातले जुने सर गेले की सगळ्यांचं लक्ष शोकसभेकडे लागतं. फोटो कुठला लावायचा, बोलणार कोण, हॉल मोकळा आहे का. मुलांना मात्र सरांची उणीव जाणवते ती त्यांच्या पुढच्या तासाला, आणि त्या तासाची तयारी बहुतेक वेळा कोणीच केलेली नसते. वेळापत्रकात नाव तसंच राहतं, मुलं येऊन बसतात, वाट बघतात, एकेक करून उठून जातात.

हे होऊ द्यायचं नाही. मुलांना ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकाने त्या तासाला जावं, हजेरी घेऊ नये. काय झालं ते दोन-तीन सरळ वाक्यांत सांगावं. ‘दुःखद घटना घडली’ असली आडवळणं नकोत, सर गेले म्हणावं. कारण सांगायचं ते घरच्यांची हरकत नसेल तरच. मग ज्याला बसायचं तो बसेल, ज्याला जायचं तो जाईल.

शिकवणं त्यानंतरच्या तासापासून. कुठून सुरू करायचं हे सरांच्या टाचणवहीत सापडेलच असं नाही, ती सहसा काही दिवस मागे असते. नियमित येणाऱ्या दोघा-तिघांच्या वह्या मागून शेवटचा मुद्दा बघावा. सरांनी शिकवलेलं पुन्हा ‘नीट’ शिकवायला मात्र जाऊ नये. मुलांना तो अपमान वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही.

मंगळवार

आज उत्तरपत्रिकांबद्दल. बातमी कळल्यावर काही वेळातच मुलांच्या मनात गुणांचं काय होणार हा प्रश्न येतो, आणि तो आला म्हणून त्यांना लाजही वाटते. त्यांनी विचारायची वाट न बघता विभागप्रमुखांनीच आपणहून सांगून टाकावं: पेपर सुरक्षित आहेत, अमुक जण तपासणार आहेत, अमुक तारखेपर्यंत गुण लागतील.

सरांचं कपाट एकट्याने उघडू नये. दोघांनी बसावं, यादी करावी, खाली दोघांच्या सह्या. ढीग तीन: तपासून गुण चढवलेले, तपासलेले पण न चढवलेले, न तपासलेले. अर्धवट तपासलेला पेपर तिसऱ्यात. मग एकूण संख्या परीक्षेच्या हजेरीपटाशी जुळवायची. जुळली नाही तर उरलेले पेपर बहुधा घरी असतात. ते मागायला एकानेच, एकदाच, चार दिवस थांबून जावं.

सरांनी दिलेल्या गुणांना हात लावायचा नाही. नव्या परीक्षकाने आधी त्यांनी तपासलेले पाच-सहा पेपर वाचावेत, म्हणजे त्यांचा हात सैल होता की आखडता ते कळतं. ही पायरी घाईत गाळली जाते आणि एकाच वर्गात दोन मापं लागतात.

संशोधक विद्यार्थ्यांचं काम सगळ्यात नाजूक. मार्गदर्शक बदलाचा अर्ज करावा लागतो, पण त्याआधी सरांच्या शेऱ्यांसह मसुदा विद्यार्थ्याच्या हातात पडायला हवा. मूळ प्रत त्याला, झेरॉक्स विभागाला. उलटं करू नये.

गुरुवार

ग्रंथालयाच्या यंत्रणेला कोणी कळवत नाही. मग मुदत उलटलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रं आपोआप घरी जात राहतात, सरांच्याच नावाने. लेखा विभाग वेगळा फोन करतो, आस्थापना वेगळा, किल्ल्यांसाठी तिसराच. घरच्यांशी बोलायला कॉलेजने एकच माणूस नेमावा आणि सगळ्यांचे प्रश्न त्याच्यामार्फत जावेत. ईमेल खातं लगेच बंद करू नये. निरोप कोणाकडे पाठवायचा एवढं सांगणारं आपोआप उत्तर लावून ठेवावं, कारण परगावचे माजी विद्यार्थी शिफारसपत्र मागायला लिहीतच असतात.

शनिवार

शोकसभा पाऊण तासात आटोपावी. बोलणारे पाच, प्रत्येकी तीन-चार मिनिटं: प्राचार्य, एक सहकारी, एक आजी विद्यार्थी, एक माजी, आणि ज्याने वर्षानुवर्षं सरांची खोली उघडली तो शिपाई. या शेवटच्याला हमखास विसरतात. वक्ते सरांबद्दल सुरू करून स्वतःवर घसरतात, म्हणून प्रत्येकाला आधीच सांगावं: एकच प्रसंग, तोही सरांचा. घरच्यांना दाराजवळच्या खुर्च्या द्याव्यात, मधेच उठावंसं वाटलं तर पूर्ण हॉल ओलांडायला नको. शोकप्रस्तावातलं नाव घरच्यांकडून तपासून घ्यावं.

स्मृतिपारितोषिकाची घोषणा मात्र सभेत नको. भरल्या गळ्याने आकडे जाहीर होतात आणि दोन वर्षांत बक्षीस बंद पडतं. हिशोब साधा आहे. व्याज ६ टक्के आणि महागाई ४ टक्के धरली, तर बक्षिसाची किंमत टिकवून दर वर्षी मुद्दलाचे जेमतेम २ टक्केच खर्चता येतात. म्हणजे बक्षीस जेवढं, त्याच्या ५० पट मुद्दल हवं. तेवढं जमणार नसेल तर बक्षीस दहाच वर्षं चालेल असं सुरुवातीलाच लिहून टाकावं. दहा पट रक्कम सहज पुरते.