हुबळीची नऊ मिनिटं

सांबऱ्याला टॅक्सी लावतो मी. बेळगावात कुणी ‘विमानतळाला सोडा’ म्हणत नाही, ‘सांबऱ्याला सोडा’ म्हणतात.

आषाढातली गोष्ट. खानापूरचे एक निवृत्त सर गिऱ्हाईक होते, गणिताचे. मुलगी बंगळूरहून येणार, तिला घेऊन परत खानापूर. पाऊस असा की समोरची टर्मिनलची पाटी धड वाचता येईना. सर माझ्याच गाडीत बसून राहिले आणि हिशेब सुरू झाला.

“बंगळूर-सांबरा हवेतनं ४४५ किलोमीटर. हे पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० नं जातं. म्हणजे त्रेपन्न मिनिटं. मग तिकिटावर सव्वा तासाच्या वर का रे?”

“सर, ती वेळ दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतची. तिथं रांगेत थांबायचं, हिकडं वळसा घालून उतरायचं, सगळं त्यात आलं.”

सरांनी नुसतं “हं” केलं. ड्रायव्हरचं उत्तर ते.

तेवढ्यात वर घरघर ऐकू आली, मोठी झाली, लांब गेली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा आलीच नाही. थोड्या वेळानं आतून निरोप आला, विमान हुबळीला वळवलंय. धावपट्टी दिसल्याशिवाय पायलट टेकवत नाही, आणि दुसरं विमानतळ गाठण्यापुरतं इंधन घेऊनच तो निघालेला असतो.

सरांनी वाफ धरलेल्या काचेवर बोटानं काटकोन त्रिकोण काढला. हुबळी अक्षांशात अर्धा अंश खाली, ५५ किलोमीटर. रेखांशात अर्ध्याला थोडं कमी, ५०. कर्ण ७४. “नऊ मिनिटं! उतरली असेल की पोरगी.”

मुलीचा फोन आला अर्ध्या तासानं. एवढ्याशा अंतरात विमानाला पुरता वेग घ्यायला सवडच कुठली.

मी म्हटलं, “सर, थोडं थांबू या. पाऊस उघडला की बऱ्याचदा परत आणतात.” पण बापाचा जीव तो. “चल, रस्त्यानं शंभरच किलोमीटर आहे.”

निघालो. हलगा, हिरेबागेवाडी, मलप्रभेचा पूल. तिथं एम. के. हुबळीची पाटी बघून सर सरसावून बसले. “सर, ही ती हुबळी न्हवं. अजून धारवाड जायचंय.” ट्रकांच्या मागनं चाळीसच्या वर काटा जाईना.

कित्तूरला चहाला थांबलो तर फोन वाजला. “बाबा, परत विमानात बसवलंय. सांबऱ्याला निघालो.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाकडं. गाडी वळवली. वाटेत एकदा ढगात घरघर झाली. दोघांनीही मान वर केली नाही.

सांबऱ्याला पोचलो तेव्हा पाऊस पार उघडला होता. मुलगी बॅगेवर बसलेली. “बाबा, होता कुठं तुम्ही?”

“तुला आणायला गेलो होतो.”

भाड्याचं मी काही बोललो नाही, त्यांनीच कित्तूरपर्यंतचं धरून दिलं. खानापूरच्या वाटेवर पुन्हा पावसाची सर आली, काचा धुरकटल्या आणि बोटाच्या तेलकट रेघा परत वर आल्या. ५५, ५०, ७४.

“हे काय काढलंय?” मुलीनं विचारलं.

“काही नाही,” म्हणत सरांनी बाहीनं काच पुसली.