हात लावून बघ

काकांनी पहिल्या दिवशी मला त्यांची विकायची जिप्सी सुरूच करू दिली नाही. "आत्ताच बाजारातून आलोय, इंजिन गरम आहे. गरम इंजिन कुणालाही फसवतं. उद्या सकाळी सातला ये. ती रात्रभर उभी असेल, तेव्हा पहिला आवाज ऐक आणि मग बोल."

गोव्याला मी एका मित्राच्या लग्नासाठी गेलो होतो. कळंगुटचे दोन दिवस गर्दीत, घामात आणि पार्किंग शोधण्यात गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. किनाऱ्यावरचा गोवा मला कधीच मानवला नाही. तिथे पाहुणा म्हणजे पाकीट. तिसऱ्या दिवशी म्हापशातल्या एका मेकॅनिकने सांगितलेला काकांचा पत्ता खिशात घालून साखळीची बस धरली. बाजारात पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी खाल्ली आणि पुढे सत्तरीत केरीच्या अलीकडे उतरलो. उतरल्या उतरल्या काजूच्या बोंडूंचा वास आला. मार्च महिना, जिकडेतिकडे बोंडू गोळा करायची लगबग. सत्तरीत मला परकं वाटलंच नाही. माणसं आपसात कोकणी बोलत होती, माझ्याशी मराठी. पाट्या मराठी, आणि देवळाच्या मांडवात पुढच्या आठवड्यातल्या नाटकाचं पोस्टर, तेही मराठीच.

मला जिप्सी हवी होती, आणि तीही सैन्यातून निघालेली. हे वेड गेल्या सात-आठ वर्षांचं. मारुती जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरात आली. सुझुकीच्या लांब व्हीलबेसच्या गाडीवर बेतलेली, सुरुवातीला ९७० सीसीचं छोटं इंजिन. पुढे १३०० सीसी आलं आणि २००० साली त्याला एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी यंत्रणा मिळाली. शिडीसारखी चेसिस, चारही चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा, वजन जेमतेम एक टन. चिखलात रुतली तर चार माणसं तिला ढकलून बाहेर काढतील. वाळवंटापासून लडाखपर्यंत सैन्याने ती वापरली ती याच हलकेपणासाठी. २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी ती बंद झाली. आता हवी असेल तर जुनीच शोधायची.

शोधताना एकदा मोठा चटका बसला होता, तो सांगितलाच पाहिजे, कारण या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या आड तो येतो. दुसऱ्या एका शहरात एका व्यापाऱ्याने मला हिरवीगार गाडी दाखवली. बोनेटवर तारा, मागे जेरीकॅन, "साहेब, ओरिजिनल आर्मी डिस्पोजल." मी भाळलो, पन्नास हजार इसार दिला. पेन्सिलने चेसिस नंबरचा छाप घेतला तेव्हा आकड्यांखालचा पत्रा घासून गुळगुळीत केलेला दिसला. आकडे नव्याने ठोकले होते. इसारातले वीस हजार परत मिळाले, तेही चार महिने फोन करून. त्या दिवसापासून मी कागद आधी बघतो, गाडी नंतर.

सैन्याच्या गाडीला आपल्यासारखं आरसी बुक नसतं. तिचा नंबर वेगळा, सुरुवातीला वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे वर्षाचे दोन आकडे. बीए नंबर म्हणतात त्याला. गाडी सेवेतून निघाली की लिलाव होतो. बहुतेक वेळा लॉटच्या लॉट व्यापारी उचलतात, आणि मग लिलावाच्या कागदांवर आरटीओत तिची पहिल्यांदा नागरी नोंदणी होते. ही साखळी कुठेही तुटलेली असेल तर गाडी कितीही देखणी असो, हात जोडून परत फिरायचं.

काकांकडे साखळी अख्खी होती. प्लास्टिकच्या फाइलमध्ये लिलावाचा कागद, व्यापाऱ्याची पावती, डिचोलीची आरसी, पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी करून घेतलेलं पासिंग. २००३ ची गाडी. त्यांनी ती २०१४ मध्ये अंबाल्याच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली आणि भाच्याला सोबत घेऊन चालवत गोव्यापर्यंत आणली. मी विचारलं, "तुम्ही नोकरीत चालवलेलीच का ही?"

"नाही. मी चालवली ती कुठे गेली देव जाणे. ही तिची बहीण."

काका सैन्यात ड्रायव्हर होते, बावीस वर्षं. त्यांचं आजोळ दोडामार्गकडचं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त करायला सैन्याची पॅरा, म्हणजे छत्रीधारी जवानांची तुकडी त्याच बाजूने आत शिरली. काका तेव्हा तीन वर्षांचे. आई त्यांना कडेवर घेऊन रस्त्यावर उभी होती आणि एका जीपमधल्या जवानाने त्यांच्या हातावर बिस्किट ठेवलं, ही गोष्ट आई मरेपर्यंत सांगायची. काकांना स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. "पण ऐकून ऐकून त्या बिस्किटाची चवसुद्धा येते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सातला पोचलो तर काका बोनेट उघडून उभेच होते. तेल, पाणी, बॅटरी, फॅनचा पट्टा, चाकांची हवा, गाडीखाली कुठे ठिबकलंय का. युनिटमध्ये याला फर्स्ट परेड म्हणायचे. गाडी बाहेर काढण्याआधीची ती पहिली, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, संध्याकाळी लास्ट परेड. निवृत्तीला इतकी वर्षं झाली, तरी त्यांची एकही परेड चुकलेली नाही. साक्षीला वही होती. किती लिटर पेट्रोल, कधी ऑइल, कुठला बेअरिंग, कुठला पाटा, सगळं निळ्या शाईत, तारीखवार. माझ्या घरात माणसांच्या औषधपाण्याचीसुद्धा अशी नोंद नाही.

मग मी गाडीखाली झोपलो. गोव्यात जुनी गाडी घेणाऱ्याने कपड्यांची पर्वा करू नये, खाली शिरावंच. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातो. वरून रंग चकचकीत आणि पायाखालचा पत्रा पापडासारखा, असं किनाऱ्यावरच्या दोन गाड्यांत पाहिलं होतं. इथे चेसिसवर स्क्रूड्रायव्हरने ठोकत गेलो, आवाज सगळीकडे भरीव आला. पाट्यांच्या हँगरपाशी थोडा वरवरचा गंज, बस. आणि मागे, दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर, चिखलाच्या थराखाली पांढरा रंग दिसला. बोटाने खरवडलं तर गोल ठिपका निघाला.

"ते काय आहे माहीत आहे?" काका वाकून बघत होते. "रात्री ताफा जाताना हेडलाइट बंद. मागे खाली एक लहानसा दिवा, त्याचा उजेड ह्या पांढऱ्यावर पडतो. मागच्या ड्रायव्हरने तेवढाच ठिपका धरून चालायचं. वरून शत्रूला काही दिसत नाही." जरा थांबून म्हणाले, "रात्र रात्र मी असाच ठिपका बघत गाडी चालवली आहे. सगळ्या गाडीला रंग दिला, तेवढा ठेवला."

गाडी आता पांढरी आहे, पण दाराच्या बिजागरीपाशी खरचटलंय तिथे खालचा हिरवा डोकावतो. मी उत्साहात म्हणून गेलो की नावावर झाली की परत हिरवी करून घेईन. काकांचा चेहरा बदलला. मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम त्यांना पाठ होता. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांशिवाय कुणी द्यायचा नाही. पण ते कायद्यावर थांबले नाहीत. "तो रंग अंगावर घालून मी बावीस वर्षं काढली. घरी आलो त्या दिवशी उतरवून ठेवला. माझा उतरला, हिचाही उतरला. तू कशाला चढवतोस?"

मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. ताऱ्याचे स्टिकर लावून फिरणाऱ्या हिरव्या जीपा मला पूर्वी आवडायच्या. आता आवडत नाहीत.

घरामागच्या उतारावर त्यांनी मला चालवायला बसवलं. तांबडी माती, खाली कोरड्या ओढ्यात डोक्याएवढे दगड. "फोर-लो टाक. पहिला गिअर. क्लच सोड आणि ब्रेकवर पाय ठेवू नको." फोर-लो म्हणजे चारही चाकांना ताकद आणि वेग अगदी कमी. पाय आपोआप ब्रेककडे जात होता. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला. गाडी इंजिनाच्या ताकदीवर एक एक दगड चाचपत उतरली, म्हातारं माणूस काठी टेकत घाट उतरतं तशी. तीनदा उतरवली, तीनदा चढवली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात काढून घेतला.

किंमत त्यांनी ३ लाख ४० हजार सांगितली. वही बघितल्यावर घासाघीस करायला जीभ रेटली नाही. काकूंनी उकड्या तांदळाची पेज, तोणाक आणि वर सोलकढी वाढली, आणि व्यवहार झाला की नाही हे विचारलंसुद्धा नाही. विकण्याचं कारणही तिथेच कळलं. काकांना आता उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही.

एनओसीला पाच आठवडे लागले. दुसऱ्या राज्यात गाडी न्यायची तर फॉर्म २८, त्यात गाडी कुठल्या गुन्ह्यात नाही याची पोलिसांच्या नोंदींतून पडताळणी, आणि माझ्या कोल्हापुरात रोड टॅक्स परत भरायचा तो वेगळाच. वेळ जाणार हे धरून चाला. माझी चिडचिड झाली, पण आधीच्या त्या घासलेल्या नंबरची आठवण आली की ही पडताळणी हवीहवीशी वाटायची.

एप्रिलच्या शेवटी गाडी न्यायला गेलो. काकांनी माझ्यासाठी म्हणून मागचे ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, नवे टाकून ठेवले होते. दुपारी तीनला निघालो. निघताना एकच गोष्ट दोनदा सांगितली: "चोर्ल्याचा घाट चढलास की थांब. चारही हबला, चाकांच्या मध्याला, हात लावून बघ. तळहात नको, हाताची पाठ. एखादा जास्त गरम लागला तर पुढे जाऊ नको."

घाट चढताना डावीउजवीकडे बघायला सवड नव्हती. एका वळणावर खाली अंजुणे धरणाचं पाणी चमकलं तेवढं आठवतं. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चाललो होतो, आणि मला फार आनंद झाला होता. वर सपाटीला थांबलो. पुढचे दोन्ही हब कोमट. मागचा उजवा कोमट. मागच्या डाव्याला हात लावला आणि झटकन काढला. जळक्या लायनिंगचा वास येत होता.

चढावर ब्रेक लागलेच नव्हते. मग हे चाक गरम का? बरंच चालत मागे गेल्यावर फोनला रेंज मिळाली. काकांनी फक्त विचारलं, "वास येतो?" मी हो म्हटलं. "थांब तिथेच."

पाऊण तासाने ते स्कूटरवर आले. चालवायला भाचा, मागे काका, मांडीवर हत्यारांची पेटी. चाक काढलं, ड्रम काढला. शू नवे होते, पण त्यांना मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या होत्या. त्यातली एक ताणून सैल झालेली. शू परत येत नव्हता, घासतच राहिला. काका रस्त्याच्या कडेला मातीत बसले होते. स्प्रिंग हातात धरून डाव्या डोळ्याजवळ नेली.

"ही माझी चूक. शू बदलताना स्प्रिंग बदलायची असते. मला ठीक दिसली, म्हणून ठेवली." मग हळूच म्हणाले, "दिसली नाही नीट."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, त्यांनी ऐकलं नाही. पेटीतून नव्या स्प्रिंगा काढल्या, दोन्ही बाजूंच्या बदलल्या. भाच्याने पाने दिले, मी जॅक सांभाळला. काम संपल्यावर त्यांनी वही मागितली आणि माझ्याकडून लिहून घेतलं. तारीख, ठिकाण, स्प्रिंग चार. अक्षर नीट काढ म्हणाले.

मला वाटलं आता ते परत फिरतील. पण कणकुंबीपर्यंत स्कूटर माझ्या मागे होती, आरशात दिसत होती. माउलीच्या देवळाजवळ, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे मी गाडी कडेला घेतली. ऊन कलायला आलं होतं. मी खाली उतरून मागच्या डाव्या हबला हाताची पाठ लावली.

"थंड आहे, काका."

त्यांनी मान हलवली, तरी स्वतः आले, वाकले आणि हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग स्कूटरवर मागे बसता बसता म्हणाले, "बेळगावात परत थांब. चारही बघ. आणि फोन कर, मी जागा आहे."